सही कोणाची, दायित्व कोणाचे?

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ओशकोश या गावी दर वर्षी जुलै महिन्यात छोट्या विमानांचा प्रचंड मेळावा भरतो. जुलै २०२५ मधील मेळाव्यात त्या देशाच्या संघीय विमान प्रशासनाने एका नव्या नियमावलीची घोषणा केली. ‘मोझेक’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिच्यामुळे क्रीडा-वैमानिकाचा मर्यादित परवाना असलेल्या माणसाला, पूर्वी त्याच्या आवाक्याबाहेर असलेली कित्येक जुनी चार आसनी विमाने चालविता येऊ लागली. २२ ऑक्टोबर २०२५ पासून हा भाग अमलात आला. हौशी वैमानिकांनी या सुधारणेचे स्वागत केले ते साहजिकच होते. परंतु या स्वागतात एक प्रश्न बाजूला पडला. विमान कोणी चालवावे याचे नियम सैल झाले. त्या विमानाचा झिजलेला कार्ब्युरेटर किंवा मॅग्नेटो कोणी उघडावा, दुरुस्त करावा आणि त्याखाली सही करावी, याचे नियम मात्र जुन्या प्रमाणित विमानांच्या बाबतीत होते तेथेच राहिले. मागणी वाढणार, आणि सही करणारा हात आखडता घेतला जाणार, अशी ही परिस्थिती आहे.

आपल्याकडील वाचकाला हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न वाटण्याचा संभव आहे. काही अंशी तो तसा आहेही. परंतु त्याच्या मुळाशी असलेला पेच हौसेपुरता मर्यादित नाही. एखादी जुनी वस्तू दुरुस्त करणाऱ्याने तिच्या भविष्याची हमी किती काळ व कोणाला द्यावयाची. आणि ती हमी परवडेनाशी झाली म्हणजे दुरुस्ती सुरक्षित होते, की दुरुस्तीच नाहीशी होते, हा तो पेच होय. ज्याने कचेरीत चार वर्षे काम केले आहे त्याला सहीचे वजन निराळे सांगावयास नको.

नियम काय सांगतो?

प्रथम कागदपत्रांची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. अमेरिकी नियमांत ‘ओव्हरहॉल’ हा शब्द वाटेल तसा वापरण्याची मुभा नाही. संघीय विमान नियमांच्या ४३ व्या भागात त्याची व्याख्याच दिली आहे. तो भाग पूर्णपणे सुटा केला पाहिजे, स्वच्छ केला पाहिजे, तपासला पाहिजे, आवश्यक तेथे दुरुस्त केला पाहिजे, पुन्हा जुळविला पाहिजे आणि मान्य मानकांनुसार त्याची चाचणी घेतली पाहिजे. यांतील एक पायरी जरी गाळली, तरी नोंदवहीत ‘ओव्हरहॉल’ असे लिहिता येत नाही. त्याही पुढची पायरी ‘पुनर्बांधणी’ची, तिच्यात भाग नव्या वस्तूच्या मापांत व मर्यादांत बसला पाहिजे. इंजिनाचे मागील तास पुसून नोंदवही शून्यापासून सुरू करण्याचा अधिकार तर केवळ उत्पादकाला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेलाच आहे.

काम झाल्यावर करावयाची नोंद तशी साधी असते. केलेल्या कामाचे वर्णन, ते पूर्ण झाल्याची तारीख, मान्यता देणाऱ्याची सही, त्याच्या परवान्याचा क्रमांक आणि प्रकार एवढ्या गोष्टी तीत असाव्या लागतात. नियमाने एक मर्यादाही घातली आहे: ही सही केवळ केलेल्या कामापुरतीच विमान सेवेत परत देण्याची मान्यता ठरते. मोठी दुरुस्ती असेल तर ‘३३७’ क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. त्याची एक प्रत मालकाकडे राहते व दुसरी प्रशासनाकडे जाते. परवानाधारक दुरुस्ती कार्यशाळेतून एखादा भाग बाहेर पडला, तर त्याच्यासोबत बहुधा ‘८१३०-३’ या क्रमांकाचे मुक्ततापत्र येते. व्यवहारात मेकॅनिक मंडळी ‘पिवळी चिठ्ठी’ मागतात. पण या नावाला नियमांत कोठेही स्थान नाही. चिठ्ठीचा रंग कोणता यापेक्षा तिच्यावर काय लिहिले आहे, कोणत्या पुस्तिकेच्या आधारे काम झाले आहे आणि सही करणाऱ्याला ते काम करण्याचा अधिकार होता काय, हे महत्त्वाचे असते. उदाहरणार्थ, परवानाधारक मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडू शकतो. परंतु उंचीमापक किंवा वेगमापक यांसारखे उपकरण उघडण्याचा अधिकार त्याला नाही.

येथपर्यंत सर्व काही सुसंगत आहे. अडचण सुरू होते ती विमानाच्या वयापासून. पायपर कंपनीच्या ‘कब’ या सुप्रसिद्ध विमानाचे ‘जे-३’ हे रूप १९४७ साली बनावयाचे थांबले. वीस हजारांच्या आसपास विमाने तोपर्यंत बनली होती, आणि त्यांतील बरीचशी आजही उडतात. त्यांच्या ६५ अश्वशक्तीच्या इंजिनावरील कार्ब्युरेटर किंवा मॅग्नेटो बनविणाऱ्या मूळ कंपन्यांपैकी काही विकल्या गेल्या, काही दुसऱ्या व्यवसायात गेल्या, काही नामशेष झाल्या. दुरुस्तीची पुस्तिका चाळीसच्या दशकातली. तीत सांगितलेली चकती, चामड्याचे वेष्टन किंवा धुण्याचे द्रावक आज बाजारात मिळेलच असे नाही. पुस्तिकेनुसार काम करा असे नियम सांगतो, आणि पुस्तिका नसलेल्या वस्तूचा आग्रह धरते. मग मेकॅनिक दुसरी तितकीच, किंबहुना अधिक चांगली वस्तू वापरतो. परंतु ‘तितकीच चांगली’ हे कागदावर सिद्ध कसे करावयाचे, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो.

कागद का हवा?

कागदपत्रांना हसण्याची आपल्याकडे एक जुनी सवय आहे. लालफीत म्हटले की विषय संपला असे आपण समजतो. या बाबतीत तसे करणे अन्यायाचे ठरेल. ८ सप्टेंबर १९८९ रोजी पार्टनेअर या नॉर्वेजियन कंपनीचे एक जुने कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कच्या उत्तरेकडील समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ५५ माणसे मृत्युमुखी पडली. शेपटाच्या जोडणीत बसविलेले बनावट व हीन दर्जाचे बोल्ट तपासात उघडकीस आले. बोल्ट डोळ्यांना अस्सलच दिसत होते. धातूचा कस डोळ्यांना दिसत नाही. २०२३ साली लंडनमधील ए. ओ. जी. टेक्निक्स या कंपनीने जेट इंजिनांच्या सुट्या भागांसोबत बनावट मुक्ततापत्रे दिल्याचे उघड झाले, तेव्हा जगभरच्या विमान कंपन्यांना आपली इंजिने उघडून ते भाग शोधावे लागले. ही उदाहरणे मोठ्या विमानांची आहेत. पण तत्त्व लहान विमानालाही तेच लागू आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७० सालचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील प्रसिद्ध निबंध आठवेल. वस्तूचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अशा बाजारात घेणारा सरासरी दर्जाचीच किंमत द्यावयास तयार होतो. मग चांगली वस्तू विकणारा बाजारातून निघून जातो आणि मागे केवळ टाकाऊ माल उरतो. ओव्हरहॉल केलेला कार्ब्युरेटर हे या सिद्धांताचे चोख उदाहरण आहे. बाहेरून रंगविलेला आणि आतून खरोखर दुरुस्त केलेला असे दोन कार्ब्युरेटर शेजारी ठेवले, तर खरेदीदाराला फरक ओळखता येत नाही. नोंदवही, मुक्ततापत्र आणि परवान्याचा क्रमांक ही चांगल्या कारागिराला वाईट कारागिरापासून वेगळे काढणारी यंत्रणा आहे. तेव्हा कागद नको ही मागणी चांगल्या कारागिराच्याच मुळावर येणारी आहे. खरा वाद कागद असावा की नसावा हा नसून, त्या कागदाच्या मागे न्यायालय कोणते व किती ओझे लादते, हा आहे.

खटल्यांचा काळ आणि १९९४ चा कायदा

अमेरिकेत विमानाच्या रचनेला संघीय प्रशासनाची मान्यता लागते. परंतु अपघातात माणूस दगावला तर नुकसानभरपाईचा दावा बहुधा राज्याच्या कायद्यानुसार चालतो. संघीय मान्यता होती, एवढ्यावर उत्पादक सुटत नाही. १९८३ साली न्यू मेक्सिको राज्यात एका धावपट्टीवर आडव्या उभ्या केलेल्या मोटारीवर पायपरचे ‘सुपर कब’ विमान उड्डाण घेताना आदळले. पुढच्या आसनाच्या जागी चित्रीकरणाचा कॅमेरा बसविलेला होता आणि वैमानिक मागच्या आसनावरून विमान चालवीत होता. तरीही खांद्याचा पट्टा नव्हता व समोरचे दिसण्याची सोय अपुरी होती, या मुद्द्यांवर पायपर कंपनी दायित्वात ओढली गेली. संघीय नियमांमुळे राज्याच्या कायद्याखालील दावा बाद होत नाही, असे अपील न्यायालयाने १९९३ साली सांगितले.

अशा दाव्यांचा परिणाम म्हणून विम्याचे हप्ते आणि विमानांच्या किमती वाढत गेल्या, असे उत्पादकांचे म्हणणे होते. १९७८ साली अमेरिकेत १७,८११ छोटी विमाने बनली. १९९४ साली केवळ ९२८. सेस्ना कंपनीने १९८६ साली एका पिस्टन इंजिनाची विमाने बनविणे थांबविले. पायपरने १९९१ साली दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घेतला. अर्थात या घसरणीचे सारे खापर खटल्यांवर फोडणे हे अर्धसत्य ठरेल. १९७९ नंतर महागलेले इंधन, ऐंशीच्या दशकाच्या आरंभीचे चढे व्याजदर, १९८६ साली रद्द झालेली गुंतवणुकीवरील करसवलत आणि बाजारात आधीच असलेली हजारो टिकाऊ जुनी विमाने ही कारणेही तितकीच महत्त्वाची होती. विमान हे चाळीस-पन्नास वर्षे टिकते. उत्पादकाचा सर्वांत मोठा स्पर्धक म्हणजे त्यानेच वीस वर्षांपूर्वी विकलेले विमान. आणि त्याच विमानाच्या अपघाताचे दायित्वही त्याच्याच डोक्यावर! जितकी जास्त विमाने पूर्वी विकली, तितके दायित्वाचे शेपूट लांब, असा हा व्यवसाय झाला होता.

यावर उपाय म्हणून १७ ऑगस्ट १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सामान्य विमानवाहतूक पुनरुज्जीवन कायद्यावर सही केली. वीसपेक्षा कमी प्रवासी-आसनांच्या आणि नियमित प्रवासी सेवेत नसलेल्या विमानाच्या उत्पादकाला, पहिल्या विक्रीनंतर अठरा वर्षे उलटल्यावर, अपघाताच्या दाव्यातून या कायद्याने मुक्त केले. त्याला अपवादही ठेवले. प्रशासनापासून जाणूनबुजून माहिती दडविली असेल, लेखी हमी दिली असेल, वैद्यकीय उपचारासाठी नेण्यात येणाऱ्या रुग्णाला इजा झाली असेल किंवा विमानात नसलेल्या त्रयस्थाला इजा झाली असेल, तर ही मुक्ती मिळत नाही. शिवाय नवा भाग बसविला की त्या भागापुरता अठरा वर्षांचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो.

कायद्याचा हेतू पुष्कळसा साधला. सेस्नाने १९९६ साली पिस्टन विमानांचे उत्पादन पुन्हा सुरू केले. पायपर नव्या नावाने उभी राहिली. १९७८ ची पातळी मात्र परत आली नाही ती नाहीच. नव्या सेस्ना १७२ ची किंमत आज चार लाख डॉलरच्या पुढे गेली आहे. म्हणजेच सामान्य उत्पन्नाच्या वैमानिकासाठी जुने विमान हाच एकमेव मार्ग उरला आहे, आणि जुन्या विमानासाठी ओव्हरहॉल करणारा कारागीर अपरिहार्य आहे.

ओझे हलले, हलके झाले नाही

येथे या कायद्याचा फारसा न चर्चिला गेलेला परिणाम दिसू लागतो. उत्पादक मुक्त झाला. परंतु अपघातात कर्ता माणूस गमावलेले कुटुंब तर तेथेच आहे. त्याचे वकील साहजिकच जो अजून दायित्वाच्या कक्षेत आहे त्याच्याकडे वळतात. तो कोण? अलीकडे नवा भाग पुरविणारा, गेल्या वर्षी कार्ब्युरेटर उघडणारा, शेवटच्या वार्षिक तपासणीखाली सही करणारा. ही मुक्ती विमान वा भाग बनविणाऱ्याला उत्पादक या नात्याने मिळते. दुरुस्ती करणाऱ्याला त्या नात्याने ती मिळत नाही. विमान पन्नास वर्षांचे असले तरी त्यावरील सर्वांत ताजी सही कालची असते. दायित्वाचे ओझे अशा रीतीने मोठ्या कारखान्याकडून छोट्या कार्यशाळेकडे सरकले.

२००५ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात सेस्ना १७२ जातीचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळून वैमानिकाचा मृत्यू झाला. इंजिन १९६९ साली बनलेले, ते विमानावर चढविले १९९८ साली, आणि २००४ साली त्याचा ओव्हरहॉल होऊन त्यावर कार्ब्युरेटर बसविलेला. कार्ब्युरेटरचे दोन अर्ध जोडणारे स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून असलेल्या चकत्यांची रचनाच सदोष होती, असा दाव्यातील आरोप होता. या एका दाव्यात इंजिनाचा उत्पादक, कार्ब्युरेटर बनविणारा आणि ओव्हरहॉल करणारा असे सर्व जण आले. संघीय मान्यतेमुळे राज्याच्या कायद्याखालील दावा बाद होतो काय, हा मुद्दा पुन्हा पुन्हा अपील न्यायालयापुढे गेला; २०१६ आणि २०१८ या दोन्ही वर्षी न्यायालयाने उत्तर दिले की बाद होत नाही. एका लहानशा चकतीवरून चाललेला हा वाद दशकाहून अधिक काळ लांबला.

दरम्यान बाजारात काय घडले? ज्या प्रिसिजन एअरमोटिव्ह या कंपनीचे नाव या दाव्यात होते, तिने २००७ साली तरंगक-पद्धतीच्या कार्ब्युरेटरची विक्रीच थांबविली. दायित्वाचा विमा परवडत नाही, हे कारण तिने दिले. हजारो छोट्या विमानांना लागणारी ही वस्तू काही काळ उत्पादकाविना राहिली. पुढे दुसऱ्या कंपनीने तो व्यवसाय घेतला. वस्तूला मागणी होती, ती बनविण्याचे कसब होते, तरीही पुरवठा थांबला. तो थांबविला विम्याने.

यामागचे गणित विद्यार्थ्यांनाही सहज समजेल. समजा, एखाद्या कार्यशाळेला दायित्वाच्या विम्यासाठी वर्षाला ६०,००० डॉलर हप्ता भरावा लागतो आणि ती वर्षाला ३०० कार्ब्युरेटर दुरुस्त करते. प्रत्येकामागे २०० डॉलरचा भार पडला. आता जुनी विमाने कमी होत गेली, कामे शंभरावर आली. हप्ता मात्र तोच राहिला. भार ६०० डॉलर झाला. भाव वाढल्याने आणखी गिऱ्हाइके गळतात, भार आणखी वाढतो, आणि शेवटी मालक शटर ओढून घेतो. त्याच्याबरोबर चाळीस वर्षांचे कसबही जाते, कारण ते कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते.

सर्वांत गंभीर परिणाम सुरक्षिततेवर होतो. प्रमाणित ओव्हरहॉल महाग आणि दुर्मिळ झाला म्हणजे मालक काय करतो? एक तर तो झिजलेला भाग आणखी दोन वर्षे चालवितो. किंवा जुन्या बाजारातून संशयास्पद भाग आणून गुपचूप बसवितो. किंवा ओव्हरहॉल न म्हणता ‘तपासून दुरुस्त केले’ अशी सौम्य नोंद करवून घेतो. पहिल्या प्रकारात काम होत नाही, दुसऱ्यात कागद राहत नाही आणि तिसऱ्यात कागद खरा असूनही अपुरा राहतो. सुरक्षिततेसाठी लादलेले दायित्व एका मर्यादेपलीकडे सुरक्षिततेलाच मारक ठरते ते असे.

कागद किती वर्षे जपावा?

नियम आणि दायित्व यांच्यातील विसंगती एका बारीक गोष्टीत फार स्पष्ट दिसते. परवानाधारक कार्यशाळेने आपल्या कामाच्या नोंदी दोन वर्षे जपाव्यात, एवढीच नियमाची अपेक्षा आहे. परंतु दुरुस्त केलेला कार्ब्युरेटर हौशी वैमानिकाच्या विमानावर पंधरा-वीस वर्षेही राहू शकतो, कारण असे विमान वर्षाकाठी फार तास उडत नाही. अपघात पंधराव्या वर्षी झाला, तर कार्यशाळेच्या मालकाला आपण कोणती चकती, कोणत्या पुस्तिकेच्या कोणत्या आवृत्तीनुसार बसविली, हे सांगता आले पाहिजे. दोन वर्षांनी कागद फाडला तर नियमभंग होत नाही. पण बचावही उरत नाही. कागद जपला तर तोच विरुद्ध पुरावा होण्याचे भय असते. यामुळे नोंद खरी, सविस्तर आणि प्रांजळ लिहिण्याऐवजी वकिलाच्या सल्ल्याने मोघम लिहिण्याकडे कल होतो. नोंदवही ही पुढच्या मेकॅनिकशी बोलण्याची जागा आहे. ती न्यायालयाशी बोलण्याची जागा झाली, की पुढच्या मेकॅनिकला उपयोगी पडणारा मजकूर तीतून नाहीसा होतो.

माहितीच्या मालकीचा प्रश्नही असाच आहे. फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘एफ-४५’ या १९३५ च्या सुमाराच्या विमानाच्या एका मालकाने ते दुरुस्त करण्यासाठी प्रशासनाकडे असलेली मूळ रेखाचित्रे मागितली. कंपनीच्या वारसाने व्यापारी गुपित म्हणून हरकत घेतली, आणि २००२ साली अपील न्यायालयाने नकार कायम केला. पुढे दुसऱ्या एका विमानप्रेमीने तीच मागणी नव्याने केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पहिल्याचा निकाल दुसऱ्यावर बंधनकारक नाही असे २००८ साली ठरले. अखेर २०११ साली जिल्हा न्यायालयाने मागणी करणाराच्या बाजूने निर्णय दिला. १९५५ साली कंपनीनेच दुरुस्तीसाठी ही रेखाचित्रे देण्यास संमती दिली होती, ही गोष्ट त्यात निर्णायक ठरली. सत्तर वर्षांपूर्वीच्या विमानाची रेखाचित्रे मिळविण्यासाठी लढावे लागले, याचा अर्थ असा की नियम ‘मान्य माहितीनुसार दुरुस्ती करा’ म्हणतो आणि ती माहिती कुलुपात असते. २०१२ च्या कायद्याने, मालक सापडत नसलेल्या व निष्क्रिय झालेल्या नमुना-प्रमाणपत्रांची माहिती देण्याचा अधिकार प्रशासनाला दिला, हे योग्यच झाले.

प्रशासन अगदी निष्क्रिय आहे असेही नाही. जुन्या विमानांसाठी पर्यायी साहित्य कसे वापरावे यासंबंधी २००९ साली त्याने मार्गदर्शक पत्रक काढले. १९८० पूर्वी प्रमाणित झालेल्या छोट्या विमानांसाठी बदली भागांना सोप्या रीतीने मान्यता देण्याची योजनाही आणली. मालकाला स्वतःच्या विमानापुरता भाग बनविता येतो, मात्र रेखन, साहित्य, बनविण्याची पद्धत किंवा देखरेख यांत त्याचा खरोखर सहभाग हवा आणि तो भाग विक्रीसाठी असता कामा नये. या सर्व सवलतींनी मान्यतेचा खर्च कमी होतो. दायित्वाचा प्रश्न मात्र त्या सोडवू शकत नाहीत, कारण तो प्रशासनाच्या हातात नाही.

शेजारच्या कॅनडाने निराळा मार्ग धरला. तेथे काही जुन्या, साध्या, खाजगी विमानांना ‘मालक-देखभाल’ या वर्गात जाता येते. मालक स्वतः काम करतो, स्वतः सही करतो, प्रमाणित भागांचे बंधन सैल होते. परंतु एकदा या वर्गात गेलेले विमान पुन्हा मूळ वर्गात आणणे कठीण असते, आणि बाजारात त्याची किंमत घटते. ही घट म्हणजे कागदाच्या विश्वासार्हतेचे बाजाराने केलेले मोजमापच होय.

आपला संबंध

हा प्रश्न आपल्यापासून फार दूर आहे असे कोणी समजू नये. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने पन्नास-साठच्या दशकांत बनविलेले ‘पुष्पक’ हे विमान अमेरिकेच्या ‘एरोन्का चीफ’ या विमानावरूनच घेतलेले होते, आणि आपल्या फ्लाइंग क्लबांतील कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. बारामतीसारख्या ठिकाणी प्रशिक्षणासाठी सेस्ना १५२ विमाने वापरली गेली आहेत; त्या विमानाचे उत्पादन १९८५ साली थांबले. त्याचे सुटे भाग व ओव्हरहॉल केलेली उपकरणे बहुतांशी अमेरिकी बाजारातूनच यावी लागतात. कॅन्सस किंवा कॅलिफोर्नियातील एखादी कार्यशाळा विम्यापायी बंद झाली, की त्याचा भार शेवटी येथे शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यावर येऊन पडतो. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. नव्या कायद्याखालील नियम घडत असताना अमेरिकेचा हा अनुभव आपल्या नियमकर्त्यांनी नजरेआड करू नये.

मार्ग कोणता?

दायित्व पूर्णपणे काढून टाकावे, असे सुचविणे बेजबाबदारपणाचे होईल. विमानात बसणाऱ्या पाहुण्याने नोंदवही वाचलेली नसते; खाली शेतात काम करणाऱ्याने तर नाहीच नाही. हयगय झाली असेल तर भरपाई मिळालीच पाहिजे, आणि तिचे भय कारागिराला जागे ठेवते हेही खरे. परंतु दायित्व ज्याला धोका सर्वांत कमी खर्चात टाळता येतो त्याच्यावर आणि टाळता येईल तेवढ्याच काळापुरते असावे, हे अर्थशास्त्राने व विधिशास्त्राने मान्य केलेले तत्त्व आहे. रचनेतील दोष उत्पादकाला टाळता येतो. जुळणीतील चूक कारागिराला टाळता येते. भाग वेळेवर तपासणीला देणे मालकालाच शक्य असते. आज या तिघांच्या जबाबदाऱ्या एकाच ताज्या सहीखाली गोळा होत आहेत.

म्हणून तीन गोष्टी विचारात घेण्याजोग्या वाटतात. उत्पादकाला अठरा वर्षांनी मुक्ती मिळते, तर ओव्हरहॉल करणारालाही, पुढील ओव्हरहॉलची शिफारस केलेली मुदत उलटल्यावर, लबाडी व दडवादडवी यांचा अपवाद करून मुक्ती असावी; त्यानंतर भाग वापरीत राहण्याचा निर्णय मालकाचा आहे. दुसरे, नोंदी जपण्याची मुदत दायित्वाच्या मुदतीशी जुळवावी. दोन वर्षांचा कागद आणि वीस वर्षांचे दायित्व हा मेळ बसत नाही. तिसरे, ज्या विमानांचा उत्पादक उरलेला नाही त्यांची तांत्रिक माहिती सर्वांस खुली असावी. यांनी प्रत्येक अपघात टळेल असा दावा कोणी करू नये. पण जो कारागीर प्रामाणिकपणे काम करून प्रामाणिकपणे तसे लिहितो, त्याला आपली कार्यशाळा उघडी ठेवता येईल.

१९९४ च्या कायद्याने कारखाने वाचविले. त्या कारखान्यांतून तीस, चाळीस, ऐंशी वर्षांपूर्वी बाहेर पडलेली विमाने आज ज्यांच्या हातांवर अवलंबून आहेत, त्यांचा विचार त्या कायद्याने केला नाही. हे हात बहुतेक म्हातारे झाले आहेत, आणि त्यांच्या जागी येऊ पाहणारा तरुण सर्वप्रथम विम्याचा हप्ता किती, हे विचारतो. त्याला समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर वैमानिकांसाठी कितीही नियम सैल केले, तरी त्यांच्या विमानांखाली सही करणारा कोणी उरणार नाही.